चार सेकंदांचं सेटिंग

दुकानाचं दार सताड उघडं होतं, मी समोरच स्टुलावर बसलेला दिसत होतो, तरी दाजीनं हॉर्न वाजवला. एकदा नाही, तीनदा. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून मी त्याला तोंडावर 'तुम्ही' म्हणतो. मनात जे म्हणतो ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

"काय ठिणगी, जिवंत आहेस का?" तो खिडकीतूनच ओरडला.

ठिणगी हे नाव मला आमच्या गल्लीतल्या मेकॅनिक लोकांनी ठेवलंय. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो म्हणून ठेवलं, असं मी सांगतो. बाकीचे सगळे वेगळं कारण सांगतात, आणि ते खोटं आहे असं म्हणायची माझी छाती नाही.

दाजी उतरला, कोट झटकला आणि पुठ्ठ्याचं एक खोकं माझ्या कामाच्या टेबलावर आदळलं. मी निवडून ठेवलेले स्क्रू चारी दिशांना पांगले.

"हे बसव. तू बसवलेलं ते डबडं काही कामाचं नाही. परवा पुन्हा नोटीस आली."

डबडं! मागच्या वर्षी मीच त्याच्या काचेला रडार डिटेक्टर बसवून दिला होता, आणि तो उत्तम चालत होता. "वाजला नाही का?" मी विचारलं.

"वाजला ना! लेझर, लेझर म्हणून बोंबलला. मी ब्रेकवर उभाच राहिलो. तरी फोटो निघाला."

"दाजी, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलंय?"

"पुन्हा सांग. तुला आवडतंच शिकवायला."

तर सांगतो, तुम्हीही ऐका, म्हणजे तुम्ही तरी माझ्याकडे येऊन हे रडगाणं गाणार नाही. रडारची गन रेडिओच्या लहरी फेकते. त्या ऐसपैस पसरतात, पुढच्या गाड्यांवर, खांबांवर, पाट्यांवर आपटून सगळीकडे सांडतात. सांडलेलं ते डिटेक्टर लांबूनच हुंगतो, कधी कधी किलोमीटरभर आधी. वेग कमी करायला वेळच वेळ. लेझरचं तसं नाही. लेझर म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उजेड, आणि तीनशे मीटर गेला तरी त्याचा ठिपका खोलीच्या दाराएवढाच राहतो. पोलीस तो नेमका तुमच्या नंबरप्लेटवर धरतो आणि अर्ध्या सेकंदात मोजून मोकळा होतो. ठिपका तुमच्या गाडीवर पडला तरच डिटेक्टरला कळणार, आणि पडला म्हणजे मोजून झालंच. रडारचा आवाज हा इशारा असतो, लेझरचा आवाज ही पावती असते. यावर उपाय एकच, मुळात हळू चालवा. पण हे दाजीला सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

"ही नोटीस कुणाच्या नावावर घातलीत?"

"कुणाच्या म्हणजे? तुझ्या ताईच्या. फॉर्म भरून पाठवलासुद्धा." जणू वीजबिल भरून आला होता.

इथंच माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आमच्याकडे वेगाच्या प्रत्येक गुन्ह्याला लायसन्सवर एक फुली पडते. साध्या माणसाला सहा फुल्यांपर्यंत मुभा आहे, शाळेची बस चालवणाऱ्याला मात्र तीनच. चौथी पडली की बस चालवायचा बिल्ला जमा करायचा. आणि माझी ताई बारा वर्षं शाळेची बस चालवते. रस्त्याकडेच्या कॅमेऱ्यात गाडीची पाठ दिसते, चेहरा दिसत नाही. त्यामुळे नोटीस मालकाच्या घरी येते, सोबत एक फॉर्म: गाडी कोण चालवत होतं? दाजी लिहायचा 'पत्नी', आणि ताई खाली सही करायची.

का करायची? कारण दाजी फिरतीचा विक्रेता. दवाखान्यांना यंत्रं विकतो. लायसन्स गेलं तर आपली नोकरी गेली, असं त्यानं तिच्या डोक्यात भरवलं होतं. "तुझी पाटी कोरी आहे, एक-दोन फुल्यांनी तुझं काय बिघडतंय?" असं म्हणत म्हणत त्यानं तिची पाटी भरत आणली. ही तिसरी फुली. आता आणखी एक पडली की ताईची बस गेली.

आणि ती बस म्हणजे ताईचा जीव. अडतीस पोरं. कुणाला वळणावर मळमळतं, कुणाला खिडकी लागते, कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही, सगळं तिला तोंडपाठ. घरात जी बाई आवाज चढवत नाही, तिनं बसमध्ये एक हाक मारली की अडतीस तोंडं बंद होतात. दाजीच्या घरात तिचं स्वतःचं असं काही असेल तर ते त्या बसमध्ये होतं.

"म्हणून तर हे आणलंय," दाजीनं खोक्यावर टिचकी मारली. "आता नोटीसच येणार नाही. बघ तर खरं, की त्यालाही घाबरतोस?"

मी खोकं उघडलं. लेझर जॅमर. काडेपेटीएवढे चार डोळे आणि एक छोटी पेटी. समोरून लेझर आला की हे डोळे त्याच चालीत उलटा उजेड फेकतात, आणि गनला स्वतःचा उजेड कुठला न् गाडीनं फेकलेला कुठला हेच कळेनासं होतं. आकडा येत नाही. डिटेक्टर नुसता ऐकतो, हे उलट बोलतं, म्हणून डिटेक्टर कायद्यात बसतो आणि हे बसत नाही.

"हा गुन्हा आहे," मी म्हटलं.

"तू काय मोठा साधू लागून गेलास? संध्याकाळपर्यंत करून ठेव." आणि किल्ली टाकून तो निघून गेला. हो-नाही विचारायची पद्धत त्याच्याकडे नाही.

मी खोकं बंद करून कोपऱ्यात सरकवलं. बसवायचं नाही, असं ठरवून टाकलं. तेवढ्यात ताईचा फोन. सकाळची फेरी संपवून ती बस शाळेच्या मागे उभी करते आणि तिथून फोन करते. घरून करत नाही.

"तो आला होता?"

"आला होता. मी ते बसवणार नाही, ताई."

"बसव."

"अगं, तू पण?"

"मग काय करू? त्याला सांगून सांगून माझी जीभ झिजली. तो हळू चालवणार नाही. निदान नोटीस तरी येणार नाही. चौथी आली तर मी काय करायचं, सांग? घरात बसून भिंती मोजायच्या?"

"सही करू नकोस ना! साधी गोष्ट आहे."

"साधी तुला. घरी जाऊन मला राहायचंय त्याच्याबरोबर, तुला नाही." "नीट बसव रे. एवढं कर माझ्यासाठी."

"बसवतो," मी म्हटलं.

आणि बसवलंच. कामात मी कुणाला नाव ठेवू देत नाही. दोन डोळे पुढे नंबरप्लेटच्या दोन्ही बाजूंना, दोन मागे. पाणसळ लावून सपाट केले, कारण डोळा बोटभर जरी खाली झुकला तरी उजेड रस्त्यावर पडतो आणि गनपर्यंत पोचतच नाही. वायरी बंपरच्या आतून नेल्या, कुणाला सापडणार नाहीत अशा. मग लॅपटॉप जोडून सेटिंग करायला बसलो, आणि तिथं माझ्या डोक्यात ते आलं.

या यंत्रात एक सेटिंग असतं: आपलं आपण बंद होणं. लेझर आला की यंत्र चार सेकंद गनला फसवतं. तेवढ्यात ड्रायव्हरनं ब्रेक मारून वेग आणायचा कायद्यात. चार सेकंद झाले की यंत्र स्वतःहून गप्प बसतं, गनवर सभ्य आकडा उमटतो आणि पोलिसाला वाटतं, आधी आपलाच नेम चुकला असेल. सगळी मेख त्या गप्प बसण्यात आहे. यंत्र बोलतच राहिलं तर गनवर आकडाच येत नाही, नुसती चूक, चूक, चूक. अनुभवी पोलिसाला तेवढं पुरतं.

आणि रिंगरोडच्या पुलाखाली असा एक अनुभवी नमुना उभा असतो. इन्स्पेक्टरबाई. माझी निम्मी गिऱ्हाइकं तिच्या नावानं बोटं मोडतात. ती कॅमेरा लावून निघून जात नाही. स्वतः गन धरते आणि आकडा देत नाही ती गाडी हात करून बाजूला घेते. दाजी रोज सकाळी तिथूनच जातो.

मी हिशेब मांडला. लेझरच्या कॅमेऱ्यासमोरून गेला तर आकडा नाही, म्हणजे नोटीस नाही, म्हणजे ताईला फुली नाही. इन्स्पेक्टरबाईसमोरून गेला तर पकडला जाणार, स्वतः, स्टिअरिंगवर हात असताना. 'पत्नी' लिहायला तिथं फॉर्म नसतो. दोन्हीकडून ताई सुरक्षित आणि दाजी खड्ड्यात. मी चार सेकंदांचा आकडा काढला आणि तिथं 'कधीच नाही' हे निवडलं. मला काय वाटलं म्हणाल, तर गुदगुल्या झाल्या. इतक्या वर्षांत त्या माणसाला इतकं छान काही मी दिलं नव्हतं.

संध्याकाळी दाजी गाडी न्यायला आला. "आणि हे बंद कधी करायचं?" त्यानं विचारलं. खोक्यावरची माहिती त्यानं वाचली होती म्हणजे.

"तुम्ही कशालाही हात लावू नका. ते आपलं आपण बंद होतं."

"वा! जन्मात एक काम धड केलंस," तो म्हणाला, आणि गल्लीच्या तोंडापर्यंतच गाडी अशी पळवली की समोरच्या पंक्चरवाल्यानं त्याला आणि मला, दोघांनाही शिव्या घातल्या.

दहाव्या दिवशी सकाळी गाड्या ओढून नेणारा क्रेनवाला दुकानात आला. "तुझ्या दाजींची गाडी पुलाखाली उभी आहे," तो म्हणाला. "बंपर उघडून बघतायत. काय लफडं आहे?"

"मला काय माहीत," मी म्हटलं, आणि तो गेल्यावर दुकानात एकटाच टाळ्या वाजवून हसलो. खोटं कशाला सांगू? दुपारी दुकान बंद केलं आणि ताईच्या घरी गेलो. म्हणायला चौकशीला. खरं तर दाजीचं तोंड बघायला.

ताई नुकतीच कामावरून आलेली, बसचं निळं जाकीट अजून अंगात. ती ओट्याला टेकून उभी होती. दाजी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होता.

"या! तुमचीच कमी होती!" मला बघून तो कडाडला. "काय बसवलंस रे तू? म्हणे आपलं आपण बंद होतं!"

"काय झालं ते तर सांगा."

"मी आपला शंभरनं चाललो होतो—"

"साठच्या रस्त्यावर?"

"तू गप्प! यंत्र वाजलं, मी वेग पार पन्नासवर आणला, सगळं नियमात. तरी ती बया गन रोखून उभी ती उभीच. मग हात केला. खिडकीशी येऊन म्हणते कशी, साहेब, तुमच्या गाडीवर धरली की माझ्या गनला चक्कर येते, असं का हो?"

मी ओठ दाबून धरले. नंतर कधी भेटलो तर त्या बाईला नमस्कार करीन, असं मनात म्हटलं.

"मला विचारलं कुणी बसवलं. मी म्हटलं मीच बसवलं. असल्या भुक्कड दुकानातून करून घेतलं म्हणायची लाज वाटली." हे त्यानं माझ्याकडे बघून सांगितलं. "मग ती लिहायला लागली. नाव, पत्ता, लायसन्स. आणि मी म्हटलं..."

तो थांबला. दाजी बोलताना थांबत नाही, म्हणून मी वर बघितलं.

"काय म्हटलंत?" ताईनं विचारलं.

"तोंडातून निघून गेलं गं. सवयीनं. म्हटलं, मिसेसच्या नावावर टाका."

मी फिस्सकन हसलो. "स्टिअरिंग तुमच्या हातात, शेजारची सीट रिकामी, आणि म्हणे मिसेसच्या नावावर टाका! धन्य आहे!"

"हस, हस! तीही आधी हसली. मग म्हणाली, मिसेस कुठायत? मी म्हटलं, कामावर, शाळेची बस चालवते. पण आम्ही नेहमी तिच्याच नावावर टाकतो." त्यानं खुर्ची ओढली आणि धपकन बसला. "'नेहमी म्हणजे?' असं विचारलं तिनं."

ताईचा चेहरा मी पाहिला. तिला माझ्या आधी कळलं होतं.

इन्स्पेक्टरबाईनं तिथंच उभ्या उभ्या टॅब्लेटवर जुन्या नोटिसा काढल्या होत्या. तीन. तिन्ही ताईच्या नावावर, तिन्ही शाळेच्या दिवशी, तिन्ही सकाळी आठच्या आसपास. मग तिनं शाळेत फोन लावला आणि विचारलं, त्या तीन दिवशी सकाळी आठ वाजता तुमची बस कोण चालवत होतं? शाळेत पोरं चढवल्या-उतरवल्याची वही असते. प्रत्येक फेरीला ड्रायव्हर वेळ घालून सही करतो. बारा वर्षांत ताईनं त्या वहीतली एक ओळ रिकामी सोडली नव्हती.

"अरे, तुम्हाला कुणी सांगितलं होतं नेहमी म्हणायला!" मी दाजीच्या अंगावर धावलो. "तीन वेळा खोटी सही करायला लावलीत तिला, आणि आता स्वतःच्या तोंडानं कबूल करून आलात!"

"आणि मला पकडवलं कुणी? तुझ्या त्या यंत्रानं!"

"मुळात हळू चालवलं असतंत तर..."

"दोघंही बाहेर जा," ताई म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता. आम्ही दोघंही बाहेर गेलो, आणि जिन्यात एकमेकांकडे न बघता उभे राहिलो.

निकाल महिन्याभरात लागला. दाजीचं लायसन्स वर्षासाठी गेलं. नोकरी गेली का? छे! कंपनीनं त्याला ऑफिसात टेबल दिलं. वर पंखा, समोर चहा. ज्या नोकरीसाठी ताईनं सह्या केल्या, ती जायचीच नव्हती. आणि ताई? फुल्यांची मुदत दोन वर्षं असते, नंतर त्या पुसल्या जातात. खोट्या सहीला मुदत नसते. शाळेच्या बसचा बिल्ला कायमचा रद्द. पोरांच्या जिवाची जबाबदारी असणारा माणूस सरकारी कागदावर खोटं लिहीत असेल तर त्याच्या हाती बस देता येत नाही, असं पत्रात लिहिलं होतं. त्यावर भांडायला मला काही सापडलं नाही, आणि मी भांडण शोधण्यात कमी पडणारा माणूस नाही.

पत्र आलं त्याच दुपारी ताई माझ्या दुकानात आली. चालत. मी एका गाडीच्या डॅशबोर्डखाली पालथा पडलो होतो. तिचे बूट दिसले तसा बाहेर आलो. ती स्टुलावर बसली नाही. पर्समधून एक कागद काढून माझ्यासमोर धरला.

"हा त्या यंत्राचा अहवाल. यात एक ओळ मला कळत नाही. तुला कळेल."

मी हात पुसून कागद घेतला. ओळ सरळ होती: यंत्र आपोआप बंद होण्याची सोय हेतुपुरस्सर काढून टाकलेली आढळली.

"म्हणजे काय?" ती म्हणाली. "तुला आवडतं ना शिकवायला. शिकव."

मी शिकवलं. चार सेकंद, ब्रेक, गप्प बसणं, सभ्य आकडा. बोलताना तिच्याकडे बघवेना म्हणून मी टेबलावरच्या स्क्रूंकडे बघत होतो.

"म्हणजे नीट बसवलं असतंस तर तो त्या दिवशी सुटला असता."

"सुटला असता. पण उद्या-परवा कुठंतरी..."

"त्या दिवशी सुटला असता की नाही?"

"हो."

"तुझा हात चुकला? विसरलास?"

हो म्हणणं किती सोपं होतं. विसरलो ताई, गडबडीत राहून गेलं. तिनं विश्वास ठेवला असता. पण त्या घरात आधीच इतकं खोटं साचलं होतं, की माझ्या तोंडून आणखी एक निघेना.

"मुद्दाम केलं," मी म्हटलं. "त्याला पकडवायचं होतं. स्वतः गाडी चालवताना. म्हणजे तुझ्या नावावर टाकता आलं नसतं. तुझ्यासाठीच केलं गं मी."

"माझ्यासाठी." तिनं कागद माझ्या हातातून काढून घेतला. "मी तुला फोन करून एकच गोष्ट सांगितली होती. नीट बसव म्हटलं होतं. तू हो म्हणालास."

"मला वाटलं..."

"तुला वाटलं! त्यालाही असंच वाटायचं सगळं. माझ्या लायसन्सचं काय करायचं ते त्याला वाटायचं, मग तुला वाटलं. मी गाढव, मी सह्या केल्या, ते माझं मी भोगीन. पण तो निदान फॉर्म घेऊन माझ्यासमोर यायचा रे. नाही म्हणायची जागा असायची, मी म्हटलं नाही. तू तर मला विचारलंसुद्धा नाहीस."

तिनं कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

ती निघाली. मी हातातली चिंधी टाकून तिच्यामागे दारापर्यंत गेलो. "ताई, थांब. मी घरी सोडतो तुला, गाडी काढतो."

"नको," ती म्हणाली. "यापुढे मी त्याच्याही गाडीत बसणार नाही, आणि तुझ्याही."

आणि ती चालत गेली.